सात आठे चोपन्न

आमच्या कामाच्या जागी मोबाईल आत नेऊ देत नाहीत. आखातातल्या एका बंदरावरचं कोल्ड स्टोअर आहे हे. आत मासे, मटण, वाटाणे, सगळं दगडासारखं गोठलेलं. फोन लॉकरमध्ये टाकायचा, किल्ली गळ्यात अडकवायची आणि मग आत जायचं, असा नियम. चहाच्या सुट्टीत बाहेर यायचं, तेव्हा जग काय म्हणतंय ते कळतं. त्या दिवशी लॉकर उघडला तर आत फोन थरथरत होता. पत्र्याच्या खणात फोन थरथरला की एखादा मोठा भुंगा अडकल्यासारखा आवाज येतो. पडद्यावर गावाकडच्या शेजारच्या बाळूभाऊचं नाव होतं. सकाळपासून त्याचे दोन कॉल येऊन गेले होते. म्हणजे हा तिसरा. मी उचलला.

"दत्तू, बसलायस का उभा हायस?"

"उभा."

"मग बस, भावा."

मी बसलो नाही. लॉकरचं दार धरून उभा राहिलो आणि तो पुढं काय बोलणार ते मला आधीच कळलं. "आत्या गेली. पहाटं धार काढाया गोठ्यात गेली, तिथंच बसली, ती बसलीच. तोंड बी वाकडं न्हाई झालं रं... गाय चाटत व्हती तिला."

फोन ठेवला तेव्हा पडद्यावर आणखी एक गोष्ट दिसली. ताराआत्याचा व्हॉइस मेसेज. आदल्या संध्याकाळचा, न ऐकलेला. शेजारी तो हिरवा माइक. तिचे मेसेज मी आल्या आल्या कधीच ऐकायचो नाही. दुसऱ्या दिवशीच्या चहासाठी राखून ठेवायचो, लहानपणी शेंगदाण्याचा लाडू उशाखाली ठेवायचो तसा. तिनं केलेलं बोलणं माझ्या खिशात होतं आणि बोलणारी नव्हती. मला तो मेसेज ऐकायचं धाडस झालं नाही. किती तरी दिवस झालं नाही.

ताराआत्या म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. आई मी लहान असताना गेली, वडील ट्रकवर, महिना महिना बाहेर. आत्याला मूलबाळ नव्हतं, नवराही लवकर गेलेला. अवसरी बुद्रुकच्या पुढं, गावापासून आत, उसाच्या मळ्यात तिचं दोन खोल्यांचं घर. तिनं मला तिथं आणलं. घरापासून डांबरीपर्यंतची वाट दोन्ही बाजूंनी उसातून जाते, शेवटी डांबरीला लागून ओढ्याची मोरी. ऊस वाढला की वर आभाळाची एक पट्टी तेवढी दिसते. आमच्या भागातल्या लोकांना सांगायला नको, त्या उसात काय राहतं. बाहेरच्यांसाठी सांगतो, बिबट्या राहतो. आमच्याकडं त्याला वाघच म्हणतात. तो दिसतो क्वचित, असतो कायम.

मी पहिल्यापासून भित्रा. आता पस्तिशी ओलांडली तरी गोदामातल्या शेवटच्या गल्लीत जाताना मागं वळून बघतो. आत्या मला कधी भित्रा म्हणाली नाही. म्हणायची, "भ्या वाटतंय न्हवं? मग तोंड चालू ठेव. बोलत्या माणसाच्या वाटंला त्यो जात न्हाई." पण एकट्यानं बोलायचं तरी काय? तर पाढे म्हणायचे. दप्तर पाठीवर टाकून मी त्या वाटेनं ओरडत पाढे म्हणत जायचो आणि ती दारात उभी राहून ऐकायची. आवाज डांबरीपर्यंत पोचला की आत जायची. सातच्या पाढ्यात मी नेहमी एकाच जागी चुकायचो. सात साते एकोणपन्नास, सात आठे चोपन्न. गुरुजींनी कान पिरगाळले, वर्गाकडून ओरडून घेतलं, पण जिभेला लागलेलं वळण सुटलं नाही. आत्याला स्वतःला सगळे पाढे येत होते. तिनं मात्र मला कधी दुरुस्त केलं नाही. "चोपन्न आलं की मला कळतंय, तू वड्याच्या मोरीवर पोचला," म्हणायची. सातवीत असताना शाळा सुटली. एका वस्तीवरची कालवड वाघानं नेली, मी वाटेवर उभा राहिलो आणि पाऊलच उचलेना. असे पंधरा दिवस गेले, मग कुणी विचारलंही नाही. आत्या एवढंच म्हणाली, "शाळा सुटली तर सुटू दे. बोलनं सोडू नगं."

तिचा दुसरा नियम हाकेचा. दिवेलागणीला बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. तिसरी आली तरच. "दोन हाका कुनाच्या बी असत्यात," ती म्हणायची, "तिसरी मारायचा धीर मान्सालाच असतो." आमच्याकडं बऱ्याच घरांत हे पाळतात, पण तिच्याइतकं कडक कुणी पाळत नसेल. एकदा मी दारात शेंगा फोडत बसलो होतो आणि उसातून माझ्या वडलांची हाक आली. "तारे..." अगदी तोच घसा, ट्रकच्या धुरानं खरखरीत झालेला. मी उठायला गेलो तर तिनं तळहात माझ्या तोंडावर दाबला. थोड्या वेळानं पुन्हा, जरा जवळून, "ए तारे..." तिच्या हाताला लसणाचा वास होता, तो मला अजून आठवतो. आम्ही थांबलो. उसाची पानं एकावर एक घासत होती. तिसरी हाक आली नाही. वडील चार दिवसांनी आले, तेव्हा कळलं की त्या संध्याकाळी त्यांची गाडी नागपूरच्या पुढं पंक्चर होऊन पडली होती. कोण होतं ते आत्यानं कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पुढं तिनंच मला पारगावच्या कारखान्यावर उसाच्या गाड्या उतरवणाऱ्या क्रेनपाशी चिकटवलं. क्रेनवाल्याला रोज डबा तिच्या घरचा, अट एकच, पोराला हँडल धरू द्यायचं. त्या हँडलावरून मी माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टवर आलो आणि फोर्कलिफ्टवरून इथं. शाळा नसलेल्या माणसाला विमानात बसवलं ते त्या डब्यांनी. हे मी तिला कधी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तिनं विषय गाईवर नेला असता.

पहिल्या सुट्टीला येताना मी तिच्यासाठी मोबाईल आणला. बाळूभाऊचं मंचरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि घर आमच्या शेजारच्या मळ्यात. त्यानं सगळं चालू करून दिलं आणि पिन टाकायला सांगितला, कुणाला कळणार नाही असा. आत्यानं बराच विचार केला आणि चांदीच्या, म्हणजे गाईच्या, कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचे शेवटचे आकडे टाकले. फोनला तोच, बँकेच्या कार्डालाही तोच. विसरली की गोठ्यात जाऊन कान धरून वाचायची. बाळूभाऊनं कपाळावर हात मारला. "आत्या, पासवर्ड आसा रानात चरायला सोडत न्हाईत!" ती म्हणाली, "आरं, गाईचा कान कोन वाचतंय?" आम्ही लई हसलो. पण बाळूभाऊचं खरंच होतं. वस्तीवर कुणाची कार्डं पाकिटात पिन लिहून, कुणाचा पिन पोराचं जन्मसाल, आणि ओटीपी आला की वाचता येत नाही म्हणून चावडीवर मोठ्यानं वाचून घ्यायचा. वाघासाठी लोखंडी दारं, कड्या, रात्रभर दिवे. या दुसऱ्या, मोबाईलच्या दाराला मात्र नुसती सुतळी. इथला चोर कुठून येतो तेच दिसत नाही, तर दार लावणार कुठं?

संध्याकाळी ती किटली घेऊन डेअरीला जायची, त्या वाटेनं. गळ्यात खिळे लावलेला पट्टा, वाघ मानेला धरतो म्हणून. हल्ली आमच्याकडच्या बायका रानात वाकून काम करताना तो घालतात. फोनवर पहिल्यांदा दाखवला तेव्हा म्हणाली, "बघ, म्हातारपनी कुत्र्यागत पट्टा आला नशिबी. आता भुंकायचं तेवढं ऱ्हायलं." माझी चहाची सुट्टी आणि तिची डेअरीची वेळ एकच पडायची. मी फोन करायचो, ती दोन कॉल वाजू द्यायची, तिसरा उचलायची. फोन स्पीकरवर टाकून कमरेला खोचायची आणि मी इकडून बोलत राहायचो. काय खाल्लं, कोण भांडलं, किती थंडी. ज्या वाटेवर मी तिच्या भरवशावर चाललो, त्या वाटेवर ती माझ्या आवाजावर चालायची. पण कधी सुट्टी चुकायची, कधी नेट नसायचं. तेव्हा बाळूभाऊनं डोकं लढवलं. रानडुकरं पळवायला लोक सोलरचा भोंगा लावतात ना, आवाजाचं कार्ड घालून, अंधारलं की आपोआप सुरू होणारा... तसला एक त्यानं ओढ्याच्या मोरीपाशी खांबाला बांधला आणि मला म्हणाला, तुझा आवाज भरून पाठव.

मला काय बोलावं सुचेना. शेवटी मी आत्याला दोन हाका मारल्या, "आत्ये... ए आत्ये..." आणि पाढे म्हटले. तिनं आधीच बजावलं होतं, "दोनच हाका घाल. तिसरी भोंग्यात घालू नगं, तिची जागा मोकळी ठेव. ती तू सवता येशील तवा दारात मारायची."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला मी आमच्या मळ्यात बोलत होतो आणि मीच तिथं नव्हतो. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा म्हणे. नवखा पाहुणा थबकायचा, आत कोण पोरगं पाढे म्हणतंय म्हणून. आत्याला मात्र आधार वाटायचा. मोरीपाशी आली की ती भोंग्याला उत्तरं द्यायची, "आले रं, आले." बाळूभाऊला गंमत वाटली. त्यानं त्याचा व्हिडिओ केला, अंधारता ऊस आणि त्यातून माझा आवाज, आणि मोबाईलवर सोडून दिला. 'बोलता ऊस.' तो कुठं कुठं गेला कुणास ठाऊक. इथं माझ्या खोलीत राहणाऱ्या केरळच्या माणसानं मला दाखवला. त्याला काय माहीत, तो आवाज समोर बसलाय. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपल्यातलं काही तरी बाहेर राहून गेलंय आणि ते आता परत येणार नाही.

पुढं काही महिन्यांनी आत्याला एक फोन आला. नंबर अनोळखी. तिनं दोनदा सोडला. तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा नियमाप्रमाणं उचलला... आणि तिकडून मी बोललो. "आत्ये, मी दत्तू. नंबर बदललाय. मला हितं पोलिसांनी धरलंय गं. तुला आता एक आकडा येईल, तेवढा सांग." माझाच आवाज, माझंच हेल काढणं. ती सांगायची, फोनवर आकडा आलाही. एवढ्यात तिच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, ती म्हणाली, "सातचा पाढा म्हन." तिकडून जरा चिडचिड झाली, आत्ता पाढे कसले म्हणून. ती म्हणाली, "म्हन, मग सांगते." आणि त्या आवाजानं म्हटला. सात साते एकोणपन्नास, सात आठे छप्पन्न, सात नव्वे त्रेसष्ट. एकदम स्वच्छ. आत्या म्हणाली, "बाबा, आमचा दत्तू एवढा शिकल्याला न्हाई," आणि फोन कापला.

वस्तीवर ही गोष्ट महिनाभर पुरली. मीही इथं सगळ्यांना सांगितली. बाळूभाऊनं व्हिडिओ काढून टाकला, पण तोंडातला शब्द आणि मोबाईलवरचा व्हिडिओ आत ओढता येतो होय? तो म्हणाला, "आवाज उचलून बोलनारं यंत्रच आसतंय त्ये. तीनदा काय, हजारदा हाक मारील." हे आत्याला लागलं. तिचा आयुष्यभराचा नियम गेला. त्या दिवसापासून माझाही फोन आला की ती आधी म्हणायची, "सातचा म्हन." मी म्हणायचो. चोपन्न आलं की तिचा श्वास सुटलेला मला ऐकू यायचा. "हां... बोल आता."

आता गंमत बघा. मी इथं दिवसभर जे काम करतो त्यात एका थरात सात पेट्या बसतात आणि थर आठ. पॅलेट, म्हणजे पेट्या रचायची फळी, भरली की वॉकी-टॉकीवर ओरडायचं, छप्पन्न. शाळेत जे बसलं नाही ते या थंडीनं बसवलं. दिवसभर छप्पन्न आणि चहाच्या सुट्टीत चोपन्न. मला वाटायचं, आपण दोन माणसं आहोत. आत फोर्कलिफ्ट चालवतो तो वेगळा, आणि आत्याच्या फोनवर असतो तो वेगळा.

आत्या गेली त्याच्या आदल्या दिवशी माझी रजा मंजूर झाली होती. कागद हातात आला तसा मी लॉकरकडं पळालो. अंगावर जाड कोट तसाच, हात गारठलेले. तिसरा कॉल तिनं उचलला. मागं उसाची सळसळ, म्हणजे वाटेवर होती. मी म्हणालो, "आत्ये, ऐक तर!" ती म्हणाली, "आधी सातचा." मी घाईघाईनं म्हणत सुटलो आणि म्हणून गेलो, सात आठे छप्पन्न... सात नव्वे... तिकडं किटलीची कडी वाजली. मी म्हणालो, "आत्ये, चोपन्न, चोपन्न!" ती हळूच म्हणाली, "आता शिकलास व्हय," आणि फोन बंद. पुन्हा लावला, पुन्हा लावला, तिनं उचलला नाही. हजारदा हाक मारणारं यंत्र असतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. सुट्टी संपली. मी हसत आत गेलो, खरंच हसत. म्हटलं, उद्या सांगू, केवढी चिडेल. काम सुटल्यावर बघितलं तर तिचा मेसेज येऊन पडलेला. नेहमीसारखा उद्याच्या चहाला ठेवला.

साहेबांनी तीच रजा अलीकडं ओढून दिली. मी पोचलो तो दहाव्याच्या आदल्या दिवशी. बाळूभाऊ मंचरला घ्यायला आला होता. घरात पट्टा खुंटीला, किटली पालथी, फोन देवळीत, चार्जिंगला लावलेला. बाळूभाऊच लावत होता रोज. "बंद पडू द्यावा वाटंना," म्हणाला. दिवे लागायच्या सुमाराला तो पाहुण्यांसाठी दूध आणायला गेला आणि मी दारात एकटा राहिलो, ती उभी राहायची त्या जागी. चांदी अंगणात बांधलेली. मग मी तो मेसेज लावला.

"दत्तू, बाळा... आज परत त्यो आलता. तुझ्या आवाजात. लई हुबेहूब रं, घडीभर मला बी वाटलं तूच हायस. खुशीत व्हता, मेला. पर म्या न्हाई फसले. तू काळजी करू नगं. तुला म्हनून सांगते, तुझ्या आवाजात कुनी काय बी बोलू दे, म्या तुला वळखते." मग तिनं बटण सोडलं नसावं. चालण्याचा आवाज, पानांचा आवाज, किटली. आणि लांबून, फुटक्या भोंग्यातून मी. आत्ये... ए आत्ये... पाढे जवळ येत गेले. सात साते एकोणपन्नास, सात आठे चोपन्न. आत्याचा श्वास सुटला, मला ऐकू येतो तसाच. "ह्यो माझा दत्तू," ती म्हणाली. "आले रं, आले."

मेसेज संपला आणि तोच आवाज परत आला. मला वाटलं, फोन पुन्हा पहिल्यापासून लागला. पण फोन गप्प होता. मोरीवरचा भोंगा सुरू झाला होता, वेळेवर. "आत्ये..." चांदीनं मान उचलून कान उसाकडं फिरवले. मी तिच्यापासून चार हातांवर उभा होतो, तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. "ए आत्ये..." उसाची पानं एकावर एक घासत होती. मी तळहात स्वतःच्या तोंडावर धरला होता, हे मला नंतर कळलं. आता पाढे सुरू होणार होते. त्याच्या आधी भोंग्यात थोडी जागा मोकळी आहे. आवाज भरताना मीच ती सोडली होती, तिच्या सांगण्यावरून.

मी हात काढला आणि दारात उभा राहून तिसरी हाक मारली.

चांदीचा पिवळ्या बिल्ल्याचा कान उसाकडून वळला आणि माझ्या दिशेनं येऊन थांबला. आत, देवळीतल्या फोनच्या दिव्यानं भिंत जराशी उजळलेली होती. ओ येणार नव्हती. तरी मी थांबलो, ती थांबायची तेवढा वेळ, मोरीवरून चोपन्न ऐकू येईपर्यंत. मग आत गेलो आणि कडी लावून घेतली.